हृदयाला आधार, मूत्रपिंडावर भार!

धाराशिव, प्रतिनिधी – हृदयविकाराच्या तीव्र झटक्यानंतर हृदय स्वतःच्या बळावर रक्त पुढे ढकलू शकत नसेल, तर त्याचे काम काही दिवसांपुरते यंत्राकडे सोपविता येते, ही गोष्ट आता नवलाईची राहिलेली नाही. मराठवाड्यातील रुग्णांचे नातेवाईकही ‘पंप लावला’, ‘मशीनवर ठेवले’ ही भाषा सहजपणे बोलू लागले आहेत. मात्र गेल्या दीड दशकात जगभर झालेल्या मोठ्या चाचण्यांनी या यंत्रांविषयीच्या सरसकट विश्वासाला चांगलाच तडा दिला आहे. काही यंत्रे निरुपयोगी ठरली. एक यंत्र जीव वाचविते हे सिद्ध झाले, पण त्याच चाचणीत अधिक रुग्णांवर डायलिसिसची वेळ आली. हृदय आणि मूत्रपिंड एकाच वेळी निकामी होऊ लागलेल्या रुग्णाबाबत कोणता निर्णय, कोणी आणि किती वेळात घ्यायचा, हा प्रश्न त्यामुळे पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. धाराशिवसारख्या जिल्ह्यात तर तो आणखी वेगळ्या रूपात उभा राहतो. येथे यंत्राच्या आधी रस्ता येतो.

हा विषय केवळ तज्ज्ञांचा नाही. २०१८ मध्ये नीती आयोगाने देशातील ‘आकांक्षित जिल्ह्यां’ची यादी केली, तीत नंदुरबार, गडचिरोली आणि वाशिम यांच्यासह तेव्हाच्या उस्मानाबादचा समावेश झाला. आठ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार १६ लाख ५७ हजार लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आहे. महाविद्यालय आले की पाठोपाठ यंत्रांची मागणी येते, निवेदने दिली जातात आणि उद्घाटनाच्या फिती कापल्या जातात. म्हणूनच, कोणत्या यंत्राने नेमके काय साधते, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

हृदयाचे दुखणे मूत्रपिंडापर्यंत कसे पोहोचते?

निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फेकते. त्यातील एक पंचमांश ते एक चतुर्थांश रक्त केवळ दोन मूत्रपिंडांकडे जाते. मूठभर आकाराच्या या अवयवांना इतका मोठा वाटा मिळतो, कारण रक्त गाळणे हेच त्यांचे काम आहे. साहजिकच हृदयाचा जोर कमी झाला की पहिली झळ त्यांना बसते. लघवी कमी होते, रक्तातील क्रिएटिनिन वाढते आणि नातेवाइकांच्या कानावर शब्द पडतात, ‘आता किडनीवरही परिणाम झाला आहे.’

परंतु ही अर्धीच गोष्ट आहे. मूत्रपिंडातून रक्त वाहते ते दोन टोकांच्या दाबातील फरकामुळे. धमनीकडून दाब येतो आणि शिरेकडे तो उतरतो. धमनीतील सरासरी दाब ९० आणि शिरेतील दाब ५ असेल, तर रक्त ढकलण्यास ८५ चा फरक मिळतो. हृदय थकल्यावर धमनीचा दाब ६५ वर उतरतो. दुसरीकडे पुढे न सरकलेले रक्त मागे तुंबून शिरेतील दाब २० पर्यंत चढतो आणि हाती उरतो ४५ चा फरक. नळाला पाणी कमी आणि मोरीही तुंबलेली, असा हा दुहेरी प्रकार आहे. पूर्वी डॉक्टरांचे सारे लक्ष नळाकडे असे. २००९ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी दाखवून दिले, की तीव्र हृदयनिकामीपणाच्या रुग्णांत मूत्रपिंड बिघडण्याशी शिरांतील तुंबाऱ्याचा संबंध हृदयाच्या कमी झालेल्या फेकीपेक्षाही अधिक घट्ट असतो. इटलीतील मूत्रपिंडतज्ज्ञ क्लॉडिओ रोन्को यांनी २००८ मध्ये हृदय-मूत्रपिंड विकारांचे पाच प्रकार मांडले. त्यांतील पहिला प्रकार हाच आहे, म्हणजे हृदयाच्या तीव्र बिघाडामुळे मूत्रपिंडाला अचानक होणारी इजा.

या समजुतीचा व्यवहारातील परिणाम मोठा आहे आणि तो अजूनही सर्वत्र झिरपलेला दिसत नाही. दम लागलेल्या, पाय सुजलेल्या रुग्णाला लघवी वाढविणारे इंजेक्शन सुरू केले आणि दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन थोडे वाढलेले आढळले, की घाबरून ते इंजेक्शन कमी करण्याकडे कल असतो. वस्तुतः रुग्णाची सूज उतरत असेल, श्वास मोकळा होत असेल, तर क्रिएटिनिनमधील अशी किरकोळ वाढ बहुधा घातक नसते. घातक असते ते अंगातले पाणी तसेच ठेवून रुग्णाला घरी पाठविणे. ‘किडनी वाचविण्यासाठी’ घेतलेला हा निर्णय हृदय आणि मूत्रपिंड दोहोंनाही महागात पडतो.

बलूनपासून पंपापर्यंत

यांत्रिक आधाराची कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील ब्रुकलिन येथे एड्रियन कँट्रोविट्झ यांनी १९६७ मध्ये महाधमनीत फुगा सोडून हृदयाला आधार देण्याचा पहिला यशस्वी प्रयोग माणसावर केला. जांघेतील धमनीतून लांबट फुगा महाधमनीत चढवायचा. हृदय शिथिल असताना तो फुगतो आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांकडे अधिक रक्त जाते. हृदय आकुंचन पावण्याच्या क्षणी तो मिटतो आणि हृदयापुढील अडसर हलका होतो. योगायोग असा, की त्याच वर्षी डिसेंबरात कँट्रोविट्झ यांनीच अमेरिकेतील पहिले हृदयारोपण केले आणि अवघ्या दोन महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातील पहिल्या हृदयारोपणाचा धाडसी प्रयत्न केला. रुग्ण काही तासांतच दगावला. त्यानंतर मुंबईत यशस्वी हृदयारोपण होण्यास २०१५ साल उजाडावे लागले. महाराष्ट्राने या क्षेत्रात पाऊल लवकर टाकले, पण पुढचे पाऊल टाकण्यास सत्तेचाळीस वर्षे घेतली!

फुगा मात्र जगभर रुळला. स्वस्त, सोपा आणि फारसा त्रास न देणारा म्हणून तो चार दशके वापरला गेला. त्याचा उपयोग होतो, हे जवळजवळ गृहीतच धरले गेले होते. २०१२ मध्ये जर्मनीतील ६०० रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि हे गृहीतक कोसळले. झटक्यानंतर हृदयाचा जोर जाऊन रक्तदाब खालावलेल्या, म्हणजेच ‘कार्डिओजेनिक शॉक’मधील रुग्णांपैकी फुगा बसविलेले ३९.७ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावले, तर न बसविलेले ४१.३ टक्के. हा फरक नगण्य होता. फुग्याने मिनिटाला जेमतेम अर्धा लिटर अधिक रक्त मिळते. पाच लिटरची गरज असलेल्या शरीराला ते पुरत नाही, हे स्पष्टीकरण मागाहून सर्वांनाच पटले.

दुसरे यंत्र म्हणजे ‘एक्मो’. करोनाच्या काळात हा शब्द घराघरांत पोहोचला. तेव्हा तो मुख्यतः निकामी फुफ्फुसांसाठी होता. हृदयासाठीच्या एक्मोमध्ये शिरेतून रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून ते दाबाने धमनीत परत सोडले जाते. हृदय जवळपास थांबले तरी शरीर चालू राहते, इतकी त्याची ताकद आहे. पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चारशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, झटक्यानंतरच्या शॉकमध्ये सरसकट एक्मो लावल्याने मृत्यू घटले नाहीत. ४७.८ विरुद्ध ४९ टक्के, असा जवळपास बरोबरीचा निकाल लागला. मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण मात्र ९.६ वरून २३.४ टक्क्यांवर गेले. एक्मो महाधमनीत उलट्या दिशेने रक्त लोटते, त्यामुळे आधीच थकलेल्या डाव्या कप्प्यापुढील ओझे वाढते, हा त्याचा मूळ दोष आहे.

तिसरे यंत्र मात्र वेगळे निघाले. ‘इम्पेला’ या नावाने ओळखला जाणारा पेन्सिलीएवढ्या जाडीचा पंप जांघेतून थेट हृदयाच्या डाव्या कप्प्यात सरकवला जातो. त्याचे एक तोंड कप्प्यात आणि दुसरे महाधमनीत असते. आतील चिमुकला पंखा मिनिटाला हजारो फेरे घेत साडेतीन लिटर किंवा त्याहून थोडे अधिक रक्त कप्प्यातून उपसून पुढे टाकतो. डेन्मार्क, जर्मनी आणि ब्रिटनमधील रुग्णालयांनी तब्बल दहा वर्षे रुग्ण गोळा करून त्याची चाचणी घेतली. ‘डेंजर शॉक’ या समर्पक नावाच्या या चाचणीचे निष्कर्ष एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. ३५५ रुग्णांच्या या चाचणीत सहा महिन्यांतील मृत्यूंचे प्रमाण पंप लावलेल्यांत ४५.८ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ५८.५ टक्के होते. म्हणजे दर आठ रुग्णांमागे एक अधिक जीव वाचला. रक्तवाहिनी तातडीने उघडण्याचा उपचार १९९९ च्या अमेरिकी ‘शॉक’ चाचणीतून रुजला. त्यानंतर या आजारात मृत्यू घटविणारा दुसरा ठोस पुरावा हाती येण्यास पाव शतक लागले.

डायलिसिसचा आकडा

या बातमीचे स्वागत झाले, ते योग्यच होते. पण त्याच निष्कर्षांत एक दुसरा आकडा होता, ज्याची चर्चा आपल्याकडे फारशी झाली नाही. पंप लावलेल्या रुग्णांपैकी ४१.९ टक्क्यांना डायलिसिससारखा उपचार द्यावा लागला. पंप न लावलेल्यांत हे प्रमाण २६.७ टक्के होते. सरळ हिशेब मांडायचा तर दर आठ रुग्णांमागे एक जीव वाचविताना, दर सहा-सात रुग्णांमागे एक जादा रुग्ण डायलिसिसवर गेला. रक्तस्राव, पायाचा रक्तपुरवठा तुटणे, तांबड्या पेशी फुटणे अशा गंभीर गुंतागुंतींचे एकत्रित प्रमाणही ६.२ वरून २४ टक्क्यांवर गेले.

हृदयाला आधार मिळाल्यावर मूत्रपिंडाचे भले व्हायला हवे, मग ते बिघडले का? याची काही कारणे संभवतात. वेगाने फिरणाऱ्या पंख्यातून जाताना काही तांबड्या पेशी फुटतात. त्यातून सुटलेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांना विषासारखे बाधते. पंप नेमक्या जागी बसलेला नसेल किंवा कप्प्यात पुरेसे रक्त नसताना तो जोरात चालविला, तर पेशी अधिकच फुटतात. रक्तस्रावामुळे दाब घसरतो, तो वेगळाच. शिवाय हा पंप डाव्या बाजूचे रक्त उपसतो. उजव्या बाजूस, शिरांमध्ये तुंबलेल्या रक्ताचा प्रश्न तो थेट सोडवत नाही. आणखी एक बाब आकडेवारीची आहे. जो रुग्ण पहिल्याच दिवशी दगावतो, तो डायलिसिसपर्यंत पोहोचतच नाही. जास्त रुग्ण जगले, म्हणून जास्त रुग्णांना डायलिसिस लागले, हा युक्तिवाद अंशतः खरा आहे. पण केवळ त्याने इतका मोठा फरक भरून निघतो, असे मानणे धाडसाचे होईल.

हा पंप कायमचा नसतो, हेही विसरता कामा नये. तो काही दिवसांचा पूल आहे. पुलाच्या पलीकडे तीनच मुक्काम संभवतात. हृदय आपोआप सावरणे, शरीरात कायमचा कृत्रिम पंप बसविणे किंवा हृदयारोपण. मूत्रपिंडे कायमची निकामी झाली, की बहुतेक रुग्णांसाठी यातील शेवटचे दोन दरवाजे बंद होतात, कारण अशा रुग्णाला केवळ हृदय बदलून भागत नाही आणि कायमचा पंपही सहसा बसविला जात नाही. म्हणून मूत्रपिंडाची अवस्था ही दुय्यम बाब ठरत नाही. पुढचा मार्ग तीच ठरविते.

नेमक्या याच अडचणीवर उपाय म्हणून काही नवी यंत्रे पुढे येत आहेत. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या प्रोसिरियन कंपनीचा ‘एऑर्टिक्स’ हा पंप हृदयात न बसविता मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या वरच्या अंगाला, खाली उतरणाऱ्या महाधमनीत बसविला जातो. तेथून तो मूत्रपिंडांकडे रक्ताचा जोर वाढवितो आणि वरच्या हृदयाचे ओझे हलके करतो. औषधांना दाद न देणारा तुंबारा आणि सोबत बिघडणारी मूत्रपिंडे, असे रुग्ण डोळ्यांपुढे ठेवूनच तो बनविला आहे. लहान अभ्यासांत लघवी वाढल्याचे आणि शिरांतील दाब उतरल्याचे दिसल्यानंतर २०२३ पासून ‘ड्रेन-एचएफ’ ही मोठी चाचणी हाती घेण्यात आली. कल्पना तर्कशुद्ध आहे, यात शंका नाही. पण फुग्यामागील कल्पनाही तर्कशुद्धच होती! शरीरातले जादा पाणी यंत्राने गाळून काढण्याची, म्हणजे ‘अल्ट्राफिल्ट्रेशन’ची कल्पनाही तशीच पटण्याजोगी होती. २०१२ मध्ये १८८ रुग्णांवरील चाचणीत मात्र नीट आखून दिलेल्या औषधांपेक्षा ती मूत्रपिंडाच्या बाबतीत कमी प्रतीची ठरली. तेव्हा नव्या पंपाचे स्वागत करताना थोडे थांबलेले बरे.

साडेपाच लाखांची नव्हे, वेळेची दरी

आता धाराशिवकडे वळू. शहरापासून सोलापूर ६५ ते ७० किलोमीटर, लातूर ७५ ते ८०. परंडा-भूमचा रुग्ण बार्शीकडे वळतो, कळंबचा लातूरकडे, उमरगा-लोहाऱ्याचा सोलापूर, लातूर किंवा थेट हैदराबादच्या रस्त्याला लागतो. एकच जिल्हा, पण आजारी पडला की त्याची तोंडे चार दिशांना होतात. त्यामुळे ‘जिल्ह्याचे’ म्हणून एक मध्यवर्ती हृदयोपचार केंद्र ठरविणे नकाशावर दिसते तितके सोपे नाही.

समजा, लोहारा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याच्या छातीत पहाटे कळ आली. आधी पित्त म्हणून सोडा घेतला जाईल, मग गावातल्या डॉक्टरांकडे इंजेक्शन, मग ग्रामीण रुग्णालय आणि तेथून ‘पुढे घेऊन जा’. हे चित्र काल्पनिक असले, तरी देशाचे आकडे त्याला दुजोरा देतात. ८९ रुग्णालयांतील वीस हजारांवर रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला ‘क्रिएट’ हा भारतीय अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कळ सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचण्यास लागलेला मध्यम कालावधी ३६० मिनिटांचा होता. तब्बल सहा तास! या सहा तासांत हृदयाचा स्नायू मरत असतो. शॉक हा बहुतेकदा या मेलेल्या स्नायूचा हिशेब असतो. पंप येतो तो त्यानंतर.

डेन्मार्कच्या चाचणीतील रुग्ण कोण होते, हेही पाहिले पाहिजे. ते रक्तवाहिनी तातडीने उघडण्याची सोय असलेल्या केंद्रांत पोहोचलेले आणि शुद्धीवर असलेले रुग्ण होते. हृदय बंद पडून बेशुद्धावस्थेत आणलेल्यांना चाचणीतून वगळण्यात आले होते. शॉकमधील एकूण रुग्णांपैकी अशा कठोर निकषांत बसणारे थोडेच. सहा तास चार दारे ठोठावून आलेला, लघवी थांबलेला, हातपाय गार पडलेला आपला रुग्ण त्या यादीत बसेलच, असे नाही. तिकडच्या ‘आठांत एक’ या हिशेबाचा हवाला देऊन इकडे पंप विकला जात असेल, तर तो हिशेब तपासून घ्यावा.

पैशाचे गणित तर उघडच आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा त्यात सोलापूर होते, उस्मानाबाद नव्हते. २०१३ च्या अखेरीस ती उर्वरित जिल्ह्यांत आली. पुढे ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा आणि योजना सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. ही वाढ स्वागतार्हच आहे. तथापि इम्पेलासारख्या एका पंपाची किंमतच दहा लाखांच्या पुढे जाते. अतिदक्षता विभाग, अँजिओप्लास्टी, रक्त आणि डायलिसिसचा खर्च निराळा. २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि औषधी स्टेंट तीस हजारांच्या आत आला. त्याचा लाभ गोरगरिबांपर्यंत पोहोचला. पंपांबाबत तसे काही झालेले नाही. वापर थोडा आणि पुरवठादार मोजके असल्याने तशी सक्ती झाल्यास यंत्र बाजारातून गायब होण्याचीही भीती आहे. देशी पर्याय उभा राहणे, हाच यावरचा टिकाऊ मार्ग दिसतो. कानपूरच्या आयआयटीने कृत्रिम हृदयपंपासाठी ‘हृदयंत्र’ प्रकल्प हाती घेतला आहे. मात्र त्याचे फळ रुग्णाच्या खाटेपर्यंत यायला वेळ लागेल.

त्या दरम्यान जमीन विकून पंप लावावा का, हा प्रश्न एखाद्या कुटुंबाला अतिदक्षता विभागाच्या दाराशी दहा मिनिटांत सोडवावा लागतो. अशा वेळी ‘लावला तर वाचेल’ एवढेच सांगणे हे अर्धसत्य ठरते. वाचण्याची शक्यता किती वाढेल, डायलिसिस लागण्याची किती, पंप काढल्यानंतर पुढे काय आणि हृदय सावरलेच नाही तर कोणता मार्ग उरतो, ही चार उत्तरे मागण्याचा नातेवाइकांना अधिकार आहे आणि ती देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

यंत्र आणि माणूस

मराठवाड्याला यंत्रांचा एक कडू अनुभव फार जुना नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबाद येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्राकडून दीडशे व्हेंटिलेटर मिळाले. त्यातील शंभराहून अधिक सदोष असल्याची बाब मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आली. दोष यंत्रांत नसून ती हाताळणाऱ्यांत आहे, असा केंद्राच्या म्हणण्याचा रोख होता. न्यायालयाने त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली. खरे-खोटे काहीही असो, यंत्र, ते बसविणारा, चालविणारा आणि दुरुस्त करणारा अशी साखळी नसेल तर काय होते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. व्हेंटिलेटर तरी तुलनेने साधे. हृदयात बसविलेला पंप एखादा सेंटिमीटर सरकला, तरी तो ओळखणारी नजर रात्री तीन वाजता खाटेजवळ असावी लागते. वर्षाकाठी दोन-चार रुग्णांवर हे यंत्र वापरणाऱ्या केंद्रात तशी नजर तयार होत नाही.

म्हणून असे पंप जिल्हा पातळीवर आणण्याची घाई नको, असे स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. त्यांची जागा पुण्या-मुंबईत आणि फार तर विभागातील एखाद-दुसऱ्या सक्षम केंद्रात आहे. धाराशिवची गरज वेगळी आहे आणि ती भागविण्यास कोट्यवधी लागत नाहीत.

पहिली गरज वेळेची. छातीत कळ घेऊन आलेल्या प्रत्येकाचा ईसीजी दहा मिनिटांत निघावा, तो तज्ज्ञाने दूरवरून वाचावा आणि रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन तालुक्याच्या ठिकाणीच मिळावे, या पद्धतीचा अवलंब तमिळनाडूने करून दाखविला आणि महाराष्ट्रानेही ‘स्टेमी’ प्रकल्पाच्या रूपाने तो स्वीकारला. इंजेक्शन दिल्यावर रुग्ण पुढे पाठविण्यात जी चालढकल होते, ती थांबली तर शॉकचे रुग्णच कमी होतील. २०१४ मध्ये ‘१०८’ची सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभरातील ९३७ रुग्णवाहिकांपैकी केवळ २३३ प्रगत जीवनरक्षक सुविधांनी सज्ज होत्या. रक्तदाब टिकविणारे औषध पंपातून चालू असलेला रुग्ण साध्या रुग्णवाहिकेतून सत्तर किलोमीटर नेणे म्हणजे नशिबाची परीक्षा आहे.

दुसरी गरज मूत्रपिंडाकडे वेळीच पाहण्याची. येथे महागडे काहीच नाही. शॉकमधील किंवा दम लागलेल्या रुग्णाची लघवी तासागणिक मोजणे हीच पहिली पायरी. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, फ्युरोसेमाइडचे इंजेक्शन दिल्यानंतर दोन तासांनी लघवीतील सोडियम तपासले आणि ते ५० ते ७० च्या खाली आढळले, किंवा पहिल्या सहा तासांत लघवीचे प्रमाण ताशी १०० ते १५० मिलिलिटरच्या खाली राहिले, तर औषधाची मात्रा वाढवावी. ही तपासणी साध्या प्रयोगशाळेतही होण्याजोगी आहे. काचबिंदूसाठी अनेक दशके वापरात असलेले अॅसिटाझोलामाइड हे जुने औषध जोडीला दिल्यास तुंबारा लवकर उतरतो, हे २०२२ मध्ये बेल्जियममधील ५१९ रुग्णांच्या चाचणीतून पुढे आले. पंपाच्या किमतीशी या औषधांच्या किमतीची तुलना करणेही हास्यास्पद वाटावे, इतकी ती स्वस्त आहेत.

तिसरी बाब रुग्ण घरी गेल्यानंतरची. देशातील ५३ रुग्णालयांतील १०,८५१ रुग्णांच्या राष्ट्रीय हृदयनिकामीपणा नोंदवहीनुसार, रुग्णालयात दाखल झालेल्यांपैकी १४.२ टक्के रुग्ण नव्वद दिवसांत दगावले आणि ज्यांचे हृदय दुबळे झाले होते त्यांच्यापैकी जेमतेम निम्म्यांनाच शिफारस केलेली सर्व औषधे मिळत होती. रुग्णांचे सरासरी वय साठच्या आत, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा एका तपाने कमी होते. कमावत्या माणसाचे हे वय. डापाग्लिफ्लोझिन हे हृदय आणि मूत्रपिंड दोहोंना जपणारे औषध २०२० मध्ये पेटंटमुक्त झाल्यापासून आपल्याकडे अल्प दरात मिळते. तरीही ते लिहून दिले जात नाही किंवा महिन्याभरात थांबविले जाते. त्याच वेळी ऊसतोडीने, ओझ्याने दुखणाऱ्या अंगासाठी वेदनाशामक गोळ्या मात्र किराणा दुकानातही मिळतात. या गोळ्या शरीरात पाणी साठवितात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आक्रसतात. हृदय दुबळे असलेल्या माणसाला त्या सरळ अतिदक्षता विभागात पोहोचवू शकतात. दुकानदाराला आणि रुग्णाला हे सांगण्याचे काम आशा कार्यकर्त्यांवर सोपविता येईल. अर्थात, त्यांच्यावर आधीच किती कामे लादली आहेत, हा निराळा विषय.

डायलिसिसची सोय तुलनेने बरी म्हणावी लागेल. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतून ही सेवा मिळू लागली. परंतु आठवड्यातून दोन-तीनदा चार तास बसून होणारे डायलिसिस आणि रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाचे संथगतीने, चोवीस तास चालणारे डायलिसिस या भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या प्रकारासाठी अतिदक्षता विभागातच यंत्र आणि प्रशिक्षित परिचारिका लागतात. महाविद्यालयाच्या रुग्णालयासाठी एखादे यंत्र मागायचेच असेल, तर आधी हे मागावे. शॉकमधील रुग्ण तेथे स्थिर झाला, त्याची मूत्रपिंडे तग धरून राहिली, तर पुण्या-मुंबईचा पंप त्याच्या उपयोगी पडण्याची शक्यता वाढते.

सोलापूर आणि लातूर येथील शासकीय महाविद्यालये आणि धाराशिव यांच्यात अशा रुग्णांसाठी एक सामायिक दूरध्वनी क्रमांक, एक सामायिक नियमावली आणि कोणता रुग्ण कोणत्या दिशेला जाईल याचा ठरलेला नकाशा असावा. विदेशात यालाच ‘शॉक टीम’ म्हणतात. हृदयरोगतज्ज्ञ, अतिदक्षता तज्ज्ञ, शल्यचिकित्सक आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांनी दूरध्वनीवर एकत्र बोलून पहिल्या तासात निर्णय घ्यायचा, एवढेच त्याचे स्वरूप असते. त्यासाठी इमारत लागत नाही. शासन निर्णय लागतो आणि रात्री फोन उचलणारी माणसे लागतात.

माणसांचा प्रश्न मात्र लांबचा आहे. धाराशिवच्या महाविद्यालयातील शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी २०२२-२३ या शैक्षणिक वर्षात दाखल झाली. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर्षभराची आंतरवासिता धरता ती २०२८ मध्ये बाहेर पडेल. त्यातील एखाद्याने पुढे तीन वर्षे वैद्यकशास्त्रात आणि आणखी तीन वर्षे हृदयरोग किंवा मूत्रपिंडविकारात घालविली, तर तो तज्ज्ञ होऊन जिल्ह्यात परतण्यास, परतलाच तर, २०३४ साल उजाडेल.